एकशे शहाण्णव ग्रॅम

बत्तीस वर्षं मी वजनं तपासली.
लोणंदच्या अडतीपासून मेढ्याच्या रेशन दुकानापर्यंत.
लोखंडी किलोच्या बुडातलं शिसं
कुणी खरवडून काढलंय का,
पारड्याखाली चिंच चिकटवलीय का,
बोट फिरवलं की कळायचं.

निवृत्त झालो, पाठीवर सॅक घेतली.
आता माझ्याच सामानावर माझी धाड.
टूथब्रशचा दांडा अर्धा कापला,
नकाशाच्या कडा कातरल्या,
आणि एक भांडं मागवलं:
मूठ दुमडणारं, आतून काळं,
म्हशीच्या ओल्या नाकासारखं गुळगुळीत.
मोती चौकात ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ठेवलं.
एकशे शहाण्णव.
सराफ म्हणाला, साहेब, घट धरू का?

दस्तगीर मुलाणी माझ्यासोबत येतो.
त्याच्या सॅकेत काय आहे विचारावं लागत नाही,
चालताना ऐकू येतं.
जर्मनचं पातेलं, पक्कड,
एकदा तर अख्खा नारळ.

किकलीत एसटी सोडली,
चंदनकडे बघत वंदन चढलो.
अंधार पडता पडता वाऱ्याकडे पाठ करून बसलो,
खाली हायवे, कुणीतरी सांडलेल्या जोंधळ्यासारखा.
दस्तगीरनं माझं भांडं हातात घेतलं,
विजेरीत तिरकं धरलं,
टिचकी मारली.

पोरपणी तो बापामागं भाता ओढायचा.
खटाव, वडूज, दहिवडी,
सायकलला कोळशाचं पोतं.
तापल्या पितळेत नवसागराची चिमूट,
पांढरा धूर, ठसका, कथलाची काडी,
मग कापसाचा बोळा फिरत जायचा
आणि भांड्याच्या पोटात
बघणाऱ्याचे दात दिसायला लागायचे.

"ही पण कलईच की," तो म्हणाला.
"फक्त उडाली की पुन्हा करायला
दारात कोण येत न्हाई."

खिचडी शिजली. कुठं लागली नाही.
उपडं केलं तशी सगळी एकदम झाकणात उतरली.
तळ कोरा,
काही शिजलंच नव्हतं जणू.
मी कौतुकानं दाखवला.
तो बघत राहिला.
"आणि खरवड?"

सहा भावंडं त्यांच्यात.
खिचडी सगळ्यांची, खरवड एकाची.
थोरल्याची नाही, धाकट्याची नाही,
त्या दिवशी ज्यानं मार खाल्ला त्याची.
आई उलथन्यानं काढायची, कर्र कर्र,
आणि रडणाऱ्याचं रडं
त्या आवाजापाशी थांबायचं.

मी म्हणालो, अरे, तेच तर.
चिकटत नाही म्हणून घासायला पाणी लागत नाही.
अर्धा लिटर वाचतं.
अर्धा लिटर म्हणजे पाचशे ग्रॅम.
तो हो म्हणाला. हिशेबाला तो कधीच नाही म्हणत नाही.

लाकडी चमचा मी घरी ठेवला होता.
बावीस ग्रॅमसाठी.
सकाळी टाक्यावरून पाणी घेऊन येतोय तर
दस्तगीर स्टीलच्या चमच्यानं पोहे हलवतोय.

करंगळीएवढा ओरखडा,
टोकाला जरा वाकडा.
मी काही बोललो नाही.
आयुष्यभर दुसऱ्यांच्या मापांतल्या खोटी काढल्या,
ही नुसती बघत बसलो.

पोहे संपले तेव्हा त्या रेषेत,
फक्त त्या रेषेत,
चार-पाच पोहे धरून बसले होते.
तांबूस, कडक.
त्यानं नखानं सोडवले,
एकही स्वतःला न ठेवता
माझ्या तळहातावर दिले.
"घ्या साहेब.
मार खाल्ल्यागत तोंड झालंय तुमचं."

साताऱ्यात उतरल्यावर
घरी जायच्या आधी मोती चौकात गेलो.
सराफानं भांडं पुसलं, काटा शून्यावर आणला,
चष्मा वर केला, खाली केला.
एकशे सत्त्याण्णव.
ही घट नव्हे, साहेब, म्हणाला, ही वाढ.

नोकरीत असतो तर पंचनामा केला असता.

पुढच्या शनिवारी कल्याणगड.
सॅक भरून दाराशी ठेवलीय.
चमचा स्टीलचाच घेतलाय,
त्याचं वजन केलं नाही.